वाचकांचे प्रश्न : दोन वाफे, एक फरक

शाळेच्या आवारातील एखादा वाफा विज्ञानाची पूर्ण प्रयोगशाळा होऊ शकतो, असे गेल्या अंकातील लेखात मी म्हटले होते. त्यावर शिक्षकांची, पालकांची आणि काही विद्यार्थ्यांचीही पत्रे आली. सगळ्या पत्रांना येथे उत्तर देणे शक्य नाही. ज्या प्रश्नांत अनेकांच्या अडचणी एकत्र आल्या आहेत, ते निवडून घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत चार वर्षांपासून भाजीपाल्याची बाग आहे. मुले आठवड्यातून दोन तास तेथे पाणी घालतात, खुरपणी करतात, भाजी काढतात आणि ते त्यांना मनापासून आवडते. परंतु वर्गात वनस्पतींचे पोषण किंवा मृदा हा पाठ आला की याच मुलांना स्वतःच्या अनुभवातून एक वाक्यही सांगता येत नाही. आमचे कुठे चुकते आहे?
– एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : बागेत मुले काय काय करतात हे आपण पत्रात तपशीलाने लिहिले आहे; ती काय विचारतात आणि काय मोजतात, याचा उल्लेख मात्र कुठेच नाही. माझ्या मते अडचण नेमकी तिथे आहे. पाणी घातले की रोप वाढणार आणि तण काढले की वाफा स्वच्छ दिसणार, हे मुलांना आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे कामाच्या शेवटी त्यांना नव्याने कळण्यासारखे काही उरत नाही. हात चालतात, पण डोक्यात प्रश्न उभा राहत नाही. बागकाम चांगलेच आहे, त्याला मी कमी लेखत नाही; ते विज्ञान व्हावे असे वाटत असेल तर त्यात तुलना आणावी लागते.

यासाठी आहे त्याच वाफ्याचे दोन भाग करावेत. एका भागावर सुक्या पालापाचोळ्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन पसरावे आणि दुसरा भाग उघडा ठेवावा. बियाणे, पेरणीचा दिवस, दोन रोपांतील अंतर, पाणी आणि ऊन हे सारे दोन्हीकडे सारखे असले पाहिजे. मी मुलांना याचे सूत्र ‘दोन वाफे, एक फरक’ असे सांगतो, आणि ते एकदा अंगवळणी पडले की पुढे मुलेच एकमेकांना टोकू लागतात, ‘अरे, इकडे सकाळी पाणी घातलेस आणि तिकडे दुपारी, मग हे दोन फरक झाले ना!’ असे वाक्य कानावर आले की शिक्षकाचे निम्मे काम झाले, असे मी समजतो.

पेरणी झाली की, कोणतेही मोजमाप सुरू होण्याआधी, प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्यावा. अंदाज लिहिलेला नसेल तर निकाल हाती आल्यावर ‘मला हेच वाटले होते’ असे सगळेच म्हणतात. त्यानंतर साधा तापमापक पाच सेंटिमीटर खोल खुपसून दुपारी दोन्ही भागांतील मातीचे तापमान घ्यावे. आच्छादनाखालची माती थंड निघेल, हे बहुतेक मुले बरोबर सांगतात. पण ‘ऊन पडण्याआधी, अगदी सकाळी काय दिसेल?’ असे विचारले की वर्ग शांत होतो. ज्यांना शाळेत लवकर येणे शक्य आहे त्यांनी ते मोजावे. रात्रभर उघडी राहिलेली माती बहुधा आच्छादनाखालच्या मातीहून गार झालेली आढळते. आच्छादन ‘थंडावा देते’ ही समजूत तिथे अपुरी ठरते आणि ते उष्णता येण्याजाण्याची वाट अडवते, दोन्ही दिशांनी अडवते, हे मुलांच्या हातातील आकड्यांवरून उलगडते. उष्णतेच्या वहनाचा पाठ याच दिवशी घ्यावा, अभ्यासक्रमात तो पुढे असला तरीही.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. एका रोपाची दुसऱ्या एका रोपाशी तुलना करून निष्कर्ष काढू नये. शेजारीशेजारी, सारख्याच मातीत वाढणाऱ्या दोन रोपांतही फरक असतोच. प्रत्येक प्रकारचे निदान तीन-चार छोटे वाफे असावेत, कोणत्या वाफ्याला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि प्रत्येक वाफ्यातील दहा-दहा रोपांची सरासरी घ्यावी. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन संस्थेत गव्हाच्या शेतावर १८४३ मध्ये सुरू झालेला खतांचा प्रयोग आजही चालू आहे आणि तेथील एका पट्ट्याला तेव्हापासून कोणतेही खत दिलेले नाही. काहीही न देता राखलेला तो पट्टा नसता, तर खत दिलेल्या बाकीच्या पट्ट्यांविषयी खात्रीने काय बोलता आले असते, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहावा. त्याच संस्थेत १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने शेतीच्या प्रयोगांतील आकड्यांचा अर्थ लावता लावता चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवण्याच्या पद्धतीला शास्त्रीय पाया दिला, आणि पुढे औषधांच्या चाचण्यांपर्यंत ती पद्धत पोहोचली. आपल्या बागेतील चिठ्ठ्या त्याच परंपरेतील आहेत, हे मुलांना जरूर सांगावे.

प्रश्न : मी शेतकरी आहे. मातीत राबावे लागू नये म्हणून मुलाला शाळेत पाठवले आणि आता शाळाच त्याच्या हाती खुरपे देते आहे. शेती त्याला मी शिकवीन. शाळेने विज्ञान शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात माझे काय चुकले?
– एक पालक

उत्तर : आपले काहीच चुकलेले नाही, आणि आपण हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेत याबद्दल मी आभारी आहे. शाळेने मुलांकडून नुसती मजुरी करून घ्यावी, त्यातून त्यांना काही कळू नये, आणि त्याला शिक्षण म्हणावे, हे मलाही मान्य नाही. आपल्या मुलाच्या शाळेत तसे होत असेल तर आपण मुख्याध्यापकांना जाब विचारावा. मुलाची वही मागून घ्यावी. तीत मोजमापे, अंदाज आणि ‘असे का?’ याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न दिसत नसेल, तर आपली तक्रार रास्त आहे.

पण दुसरी बाजूही मांडू द्या. ‘वाफसा’ हा शब्द आपण रोज वापरता. पाऊस झाल्यावर किंवा पाणी दिल्यावर किती दिवसांनी शेतात उतरायचे, हे आपण मूठभर माती दाबून ठरवता. मूठ उघडल्यावर गोळा चिकट राहिला तर थांबता, आणि गोळा झाला पण बोटाने टिचकी देताच फुटला तर वाफसा आला म्हणता. आता विज्ञानाच्या भाषेत पाहिले तर मातीच्या कणांमध्ये लहान-मोठ्या पोकळ्या असतात. मोठ्या पोकळ्यांतील पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली निघून गेले आणि त्यांत हवा शिरली, पण बारीक पोकळ्यांनी केशाकर्षणाने, म्हणजे वात तेल ओढून धरते तसे, पाणी धरून ठेवले, की मुळांना श्वसनासाठी हवा आणि शोषणासाठी पाणी दोन्ही मिळतात. ही अवस्था म्हणजेच वाफसा. केशाकर्षण, गुरुत्वाकर्षण आणि श्वसन असे तीन वेगवेगळ्या पाठांतील विषय आपल्या एका मुठीत आहेत. जो मुलगा ही मूठ लहानपणापासून पाहत आला आहे, त्याला वर्गात ‘तुला हे माहीत नाही’ असे वाटावे, यासारखा अन्याय नाही. शाळेतला वाफा त्याला हे दाखवण्यासाठी आहे की त्याच्या घरातील ज्ञान हेही ज्ञान आहे, आणि त्याच्या पुढचे ‘का?’ विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

अमेरिकेतील टस्कगी येथील संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये शेतीविषय शिकवू लागले. गुलामगिरीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये एका घोडागाडीवर अवजारे आणि प्रात्यक्षिकांचे साहित्य लादून ते शेतकऱ्यांच्या बांधावर नेण्याची सोय उभी केली. सतत कापूस घेऊन निकस झालेल्या जमिनीत शेंगवर्गीय पीक घेतले तर काय होते, हे त्यांनी शेतातच करून दाखवले. शेतकऱ्याच्या मुलाने शेतातच अडकून पडावे, असा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. मातीचे रसायन समजलेला माणूस शेती करो वा आणखी काही, तो कुणाच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपण एक तास त्या वर्गात जाऊन मुलांना वाफसा कसा ओळखायचा, ते दाखवावे. शिक्षक त्यामागचे विज्ञान सांगतील.

प्रश्न : ‘झाडाचे वजन वाढते ते मुख्यतः हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे’ असे मी वर्गात सांगितले. मुलांनी लिहून घेतले, परीक्षेत उत्तरही बरोबर लिहिले. पण नंतर सहज विचारले तर ‘झाड माती खाऊन वाढते’ असेच म्हणाली. हे हाताने करून दाखवता येईल का?
– सातवी-आठवीचे शिक्षक

उत्तर : येते, आणि माझ्या मते शालेय जीवशास्त्रात यापेक्षा मोलाचा प्रयोग नाही. आधी मुलांना दोष देऊ नये. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही अशा वायूपासून लाकडाचा ओंडका तयार होतो, हे पटणे खरोखरच अवघड आहे. यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या विद्वानालाही ते उमगले नव्हते. त्याने सुमारे ९० किलो सुकी माती कुंडीत घेऊन तीत सव्वादोन किलोंचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे ७७ किलोंचे झाले. माती पुन्हा सुकवून तोलली तर जेमतेम ५७ ग्रॅम कमी भरली. माती खाऊन झाड वाढत नाही, हे त्याने असे निर्विवाद दाखवले, पण मग ते सगळे पाण्याचेच झाले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे आकडे फळ्यावर लिहावेत, निष्कर्ष मात्र सांगू नये. ‘पाच वर्षांत त्या झाडाला माती आणि पाणी यांखेरीज आणखी काय मिळत होते?’ एवढेच विचारून थांबावे.

आपल्याकडे पाच वर्षे नसतात, म्हणून हा प्रयोग मुगावर तीन आठवड्यांत करावा. एकाच पिशवीतील मूग घेऊन २० ग्रॅमचे तीन भाग काढावेत. पहिला भाग न भिजवता तसाच उन्हात वाळवावा, कारण कोरड्या दिसणाऱ्या बियांतही थोडी ओल असतेच. दुसरा भाग भिजवून, पाण्याच्या भांड्यावर ताणलेल्या बारीक जाळीवर पसरून अंधाऱ्या कपाटात ठेवावा. तिसरा भाग तशाच जाळीवर, पण भरपूर उजेडात. जाळीमुळे मुळे मोकळी राहतात आणि मातीचा तर संबंधच येत नाही. आठ दिवसांनी अंधारातली रोपे फिकट पिवळी, लांबच लांब आणि वजनाला बियांच्या कितीतरी पट भरतात. मुले खुश होतात, ‘अंधारात जास्त वाढली’ म्हणतात. त्यांना तसेच लिहू द्यावे.

मग ही रोपे मुळांसकट आणि गळलेल्या टरफलांसकट उन्हात वाळवावीत. टरफले विसरली तर मुले पुढे नेमका तोच आक्षेप घेतील. लागोपाठ दोन दिवस वजन सारखे भरले की वाळवणे पुरे झाले. एका वर्षी माझ्या वर्गातील एका मुलीने ही वाळलेली, केसांसारखी झालेली रोपे ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवली, आकडा वाचला, उचलली, पुन्हा ठेवली. मग काटाच बिघडला असे समजून तिने आधी वजन करून ठेवलेले एक नाणे त्यावर ठेवून पाहिले. नाणे बरोबर भरले. रोपे मात्र वाळवलेल्या पहिल्या भागापेक्षा हलकी होती. एवढी लांब वाढलेली रोपे मूळ बियांपेक्षा हलकी! ती काही वेळ बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘सर, म्हणजे यातले काहीतरी उडून गेले.’

तिने सांगितले ते श्वसनच होते. अंधारात रोपाने बीजातील साठा वापरला, त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो हवेत गेला, आणि वाढलेले वजन निव्वळ पाण्याचे होते. उजेडातील रोपे तीन आठवड्यांनी तशीच वाळवली की त्यांचे सुके वजन बहुधा मूळ बियांपेक्षा जास्त भरते, आणि त्यांनाही पाण्याखेरीज आपण काहीच घातलेले नसते. पाणी तर वाळवून काढून टाकले. मग ही भर आली कुठून? अंधारात घट झाली आणि उजेडात भर पडली, म्हणजे उजेडात हवेतून काहीतरी आत घेतले गेले, इथवर मुले आपापसांत वाद घालून पोहोचतात. वनस्पतींच्या हिरव्या भागांना या कामासाठी उजेड लागतो, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवले होते. हवेत हा वायू अवघा ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तरीही वनस्पतीच्या सुक्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो, हे आकडे यानंतर सांगावेत. आधी सांगितले तर ते पुन्हा वहीतच राहतील.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या शाळेला मैदान नाही, फक्त खिडक्या आहेत. मी एका काचेच्या पेल्यात टिपकागद लावून हरभरा उगवला. बी उलटे ठेवले तरी मूळ वळून खालीच गेले. त्याला खाली कुठे आहे हे कसे कळते?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तू बी उलटे ठेवून पाहिलेस, हेच मला फार आवडले. उत्तर सांगण्याआधी तुला आणखी दोन गोष्टी करायला सांगतो. मूळ बोटाच्या दोन पेरांइतके लांब झाले की पेला आडवा कर आणि दर तीन तासांनी मुळाचे चित्र काढ. मूळ सगळीकडून वाकते की फक्त टोकाजवळ, हे नीट बघ. त्यासाठी मुळावर शाईने सारख्या अंतरावर बारीक रेषा आखून ठेव. कोणत्या दोन रेषांमधील अंतर वाढले ते तुला कळेल.

तुला एक शंका येईल की मूळ कदाचित ओल किंवा अंधार शोधत खाली जात असेल. थॉमस नाइट या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञांनाही नेमके हे तपासायचे होते. त्यांनी १८०६ मध्ये पाण्याच्या प्रवाहावर वेगाने फिरणाऱ्या उभ्या चाकाला बिया बांधल्या. चाकावर बीचे वर-खाली सतत बदलत होते, तरी सगळी मुळे चाकाच्या बाहेरच्या बाजूला आणि कोंब आतल्या बाजूला वाढले. पाळण्यात गोल फिरताना तुला बाहेर फेकले गेल्यासारखे वाटते ना, तीच ओढ मुळाने ‘खाली’ म्हणून ओळखली. पुढे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून ही जाण मुळाच्या टोकात असते, असे मांडले. टोकाच्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवे झाले की ते कण घरंगळून नव्या खालच्या बाजूला बसतात आणि त्यावरून वाढीची दिशा बदलते. टोक काढून टाकलेले मूळ आडवे ठेवले तर काय होईल, याचा अंदाज आधी लिही आणि मग करून पाहा. पुष्कळ बिया लाव, एकच नको. खिडक्या असलेल्या शाळेला इतके प्रयोग पुरून उरतात.

प्रश्न : आम्ही चवळीचे दोन वाफे केले. एकाला भरपूर खत दिले, दुसऱ्याला काहीच नाही. मुळांवरील गाठी दाखवण्यासाठी रोपे उपटली तर खत दिलेल्या वाफ्यात गाठी जवळजवळ नव्हत्याच! मुलांसमोर माझी पंचाईत झाली. प्रयोग फसला तर मुलांना काय सांगावे?
– नवी शिक्षिका

उत्तर : आपला प्रयोग फसलेला नाही. उलट आपल्या मुलांनी पाठ्यपुस्तकात सहसा नसलेली गोष्ट पाहिली आहे.

कदाचित रोपे ‘उपटली’ हेही एक कारण असेल, कारण हिसका दिला की गाठी मातीतच तुटून राहतात. रोपाभोवती वीतभर अंतरावर खुरप्याने माती मोकळी करावी, ढेकळासह रोप उचलून बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवावे आणि मग मुळे हलक्या हाताने धुवावीत. मोहरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतच्या आकाराच्या गाठी दिसू लागतात. एक गाठ नखाने फोडून आतला रंग पाहावा. गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी असेल तर अजून सुरू झालेले नाही किंवा थांबले आहे. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या एका प्रथिनाचा असतो, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आता मूळ मुद्दा. गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात, पण त्या बदल्यात रोपाला त्यांना साखर पुरवावी लागते. मातीतच नायट्रोजन भरपूर असेल तर रोप हा खर्च करत नाही आणि गाठी कमी धरतात. म्हणजे आपल्या दोन वाफ्यांनी अगदी खरे उत्तर दिले. पुढच्या हंगामात खताच्या चार वेगवेगळ्या मात्रांचे वाफे करून प्रत्येकी दहा रोपांच्या गाठी मोजाव्यात आणि आलेख काढावा.

या गाठींच्या कामाचा शोधही अशाच ‘फसलेल्या’ आकड्यांतून लागला. जर्मनीत हेर्मान हेलरीगेल आणि त्यांचे सहकारी विलफार्थ नायट्रोजन नसलेल्या वाळूत पिके वाढवत होते. ओट नायट्रोजनच्या मात्रेप्रमाणे निमूट वाढत होते, वाटाणा मात्र एका कुंडीत मरत होता आणि शेजारच्या कुंडीत जोमाने वाढत होता. हा लहरीपणा त्यांनी चूक म्हणून खोडून टाकला नाही. त्याचे कारण शोधता शोधता, ज्या कुंड्यांत योगायोगाने मातीतील जीवाणू पोहोचले तेथेच वाटाणा तगला, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १८८६ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. आपल्या मुलांना ही हकीकत सांगताना आपली पंचाईत झाली होती हेही मोकळेपणाने सांगावे. आपल्याला उत्तर ठाऊक नव्हते आणि आपण शोधले, हे मुलांनी पाहणे फार गरजेचे आहे.

वहीतील निरीक्षण अपेक्षेप्रमाणे यावे म्हणून कुणी आकडा बदलला, तर मात्र तिथे कडक राहावे. गुण देताना निकाल ‘बरोबर’ आला का, हे पाहू नये. अंदाज, मोजमाप, एकके आणि कारणमीमांसा यांनाच गुण द्यावेत.

प्रश्न : शेतीतून जीवशास्त्र शिकवता येते हे पटते. पण भौतिक, रसायन आणि गणित यांचे काय?
– मुख्याध्यापक

उत्तर : एक काचेची उभी बरणी घ्यावी. तिचा तिसरा भाग मातीने भरावा, वर पाणी घालून जोरात हलवावी आणि टेबलावर स्थिर ठेवावी. साधारण मिनिटभरात वाळू खाली बसते, पोयटा काही तास घेतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. वाळूचे कण ०.०५ ते २ मिलिमीटरचे, चिकणमातीचे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. थरांची उंची पट्टीने मोजली की टक्केवारी आली, बसण्याचा वेळ मोजला की कणांचा आकार आणि द्रवाचा विरोध यांचा संबंध आला, आणि न बसणाऱ्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की विद्युतभारित कण एकमेकांना का दूर लोटतात आणि तुरटीने ते एकत्र कसे येतात, हे रसायन आले. एका बरणीवर मी आठवडाभर शिकवलेले आहे.

पर्जन्यमापक सरळ भिंतीच्या कोणत्याही डब्याचा करता येतो. डबा रुंद असेल तर पाऊस जास्त मोजला जाईल का, यावर मुलांचे कडाक्याचे भांडण होते, ते होऊ द्यावे आणि दोन वेगवेगळ्या रुंदीचे डबे शेजारी ठेवून निकाल पावसावर सोडावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर असेल आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर २,००० लिटर पाणी वाहून गेले. हे गणित मुलांनी एकदा स्वतः केले की क्षेत्रफळ आणि घनफळ यांतील गोंधळ पुष्कळ निवळतो.

भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे तरंगले की काढून टाकण्याची पद्धत म्हणजे घनतेचा पाठ आहे. तरंगलेले आणि बुडालेले असे शंभर-शंभर दाणे वेगळे रुजत घालून उगवण मोजावी, म्हणजे पद्धत खरी की नुसती सवय, हेही तपासून होते. रुजत घालण्याआधी दाणे साध्या पाण्याने धुवावेत; राहिलेले मीठ हा दुसरा फरक होईल. कंपोस्टच्या ढिगाचे तापमान रोज घेतले तर ते ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाताना दिसते आणि ढीग उलटला की पुन्हा चढते. ही उष्णता कुणी दिली, या प्रश्नापासून ऊर्जेचा पाठ सुरू करावा.

प्रश्न : पिकावर कीड पडल्यास मुलांकडून फवारणी करून घ्यावी का? तेवढाच अनुभव मिळेल.

उत्तर : कदापि नाही. रासायनिक कीटकनाशकाची बाटली, फवारणीचा पंप आणि नुकताच फवारलेला वाफा यांपासून मुलांना दूर ठेवावे. किडीचा अभ्यास जरूर करावा : दहा पानांवर मावा किती, त्यात मावा खाणारे ढालकिडे किती, हे दर चार दिवसांनी मोजावे. मातीत काम केल्यावर साबणाने हात धुणे आणि जखम असलेल्या हाताने मातीत काम न करणे, हे नियम शिक्षकांनीही पाळावेत.

प्रश्न : मोठ्या सुट्टीत बागेला पाणी घालायला कुणी नसते आणि वर्षभराची मेहनत वाळून जाते. उपाय सुचवावा.
– बागेची जबाबदारी असलेले शिक्षक

उत्तर : मोठा वाफा सुट्टीत चालू ठेवण्याचा अट्टाहास करू नये, पिकाचा कालावधी मोजून पेरणी अशी करावी की सुट्टीपूर्वी काढणी होईल. कुंड्यांसाठी मात्र एक टोक बादलीतील पाण्यात आणि दुसरे कुंडीच्या मातीत राहील अशी वात लावता येते, आणि तो स्वतंत्र प्रयोगच आहे. सुट्टीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक कुंडी सकाळी आणि दुसऱ्या सकाळी तोलून तिचे दिवसाचे पाणी किती जाते, ते मुलांनी काढावे. त्याला सुट्टीच्या दिवसांनी गुणले की किती पाणी साठवायचे, ते कळते. मग सुती कापडाची पट्टी, जाड सुतळी आणि कृत्रिम धाग्याची दोरी अशा तीन वाती घेऊन एका तासात कोणती किती पाणी ओढते, हे मोजावे. बादली कुंडीपेक्षा किती खाली किंवा वर ठेवली म्हणजे पाणी हवे तेवढेच येते, हेही पाहावे, कारण बादली उंच असेल तर वात नळीसारखे काम करून कुंडीत चिखल करते. बादलीवर झाकण हवे, नाहीतर पाणी हवेतच उडून जाईल आणि डासही होतील.

दोन कुंड्या एकाच प्रकारच्या वातीवर ठेवाव्यात, त्यांपैकी एकीच्या मातीवर आच्छादन घालावे आणि दोन्ही बादल्यांतील पाण्याची पातळी रंगाने खूण करून ठेवावी. सुट्टी संपून मुले परत आली की झाडांकडे धावतील आणि लगेच पाणी घालतील. त्यांना थांबवून आधी पट्टीने दोन्ही बादल्यांतील पाणी मोजायला लावावे.